सूर विझेपर्यंत

“मशीन जरा थांबवाल का? मला माझंच काही ऐकू येईना,” कुणीतरी म्हणालं.

सुईनं मान वर केली, तर समोर माणूस नव्हता. होती ती मखमल. रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली दाट जांभळी मखमल, मध्यभागी तिचा कमरेच्या वर गेलेला ढीग, आणि ढिगापलीकडून वर आलेला एक हात. हातात लाकडी मुठीची किल्ली.

“आधी दिसा तरी,” ती म्हणाली. “न दिसणाऱ्या माणसाचं मी ऐकत नाही.”

तो सरळ मखमलीवरूनच यायला निघाला, तसं तिनं त्याला जागीच थांबवलं. मखमलीवर पाऊल पडलं की लव दबते. मग कितीही झटका, पडद्यावर तेवढी जागा डाग पडल्यासारखी दिसत राहते. तेव्हा तो बिचारा मुकाट्यानं अख्ख्या रंगमंचाला वळसा घालून आला. उंच, किंचित पोक काढलेला, केस पावसानं भिजलेले, कोटाच्या खिशातून नमद्याच्या जाड लोकरी पट्ट्या लोंबत असलेला. एवढं चालून येऊन त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. फक्त या वेळी शेवटी ‘कृपा करून’ जोडलं. तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून तिचा पाय मशीनवरून उचलला गेला. तिनं काही त्याचं ऐकलं नव्हतं, असं ती नंतर मावशीला सांगत होती.

सुई हे तिचं घरातलं नाव. मावशीनंच ठेवलेलं. अंगानं बारीक आणि तोंड उघडलं की टोचणार, म्हणून सुई. आई लवकर गेली, तेव्हापासून मावशीनं तिला वाढवलं, कापायला-बेतायला शिकवलं, आणि आता दोघी मिळून आपल्या गावी शिवणाचं दुकान चालवत होत्या. या शहरातल्या जुन्या संगीतगृहाला नवा पडदा हवा होता. एवढा मोठा पडदा शिवून कुठून आणणार? म्हणून शिवणाऱ्या बायकांनाच बोलावून घेतलं. रंगमंचामागच्या कपडे बदलायच्या खोलीत दोघींच्या खाटा टाकल्या होत्या. पडदा होईपर्यंत तेच घर.

शहर गाण्याबजावण्यासाठी दूरवर माहीत असलेलं. लोक मुद्दाम बघायला यायचे. इथे दर दोन घरं सोडून भिंतीवर पाटी, की अमुक थोर संगीतकार या घरात राहत होते. मावशी म्हणायची, एवढे सगळे थोर एकाच गल्लीत राहत असतील तर शेजाऱ्यांना झोप कशी लागत असेल? सुईला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिच्या लेखी गाणं म्हणजे शिवताना तोंड रिकामं राहू नये म्हणून गुणगुणायची गोष्ट.

आणि तो? तो पियानोचे सूर लावणारा. नव्या पडद्यासह संगीतगृह उघडणार होतं, त्याआधी तिथला जुना भला मोठा पियानो त्याला पुरता ताळ्यावर आणायचा होता. शहरात त्याला सगळे सूरवाला म्हणत. संगीतगृहाच्या तिकीट खिडकीवर बसणाऱ्या बाई सुद्धा. त्या बाईंनीच मध्ये पडून भांडण मिटवलं. सकाळी मशीन चालेल, दुपारी पियानो. ज्याला हे पटत नसेल त्यानं पावसात उभं राहून काम करावं.

म्हणून दुपारी सुईच्या वाट्याला हातशिलाई आली. अस्तराला धावदोरा घालायचा, पडद्याची खालची कड दुमडून हातानं टाचायची. मावशी दुपारी हमखास आडवी व्हायची. त्यामुळे एवढ्या मोठ्या रिकाम्या सभागृहात उरायचे ते दोघं. ती मांडीवर मखमल घेऊन रंगमंचाच्या कडेला, तो पियानोच्या उघड्या पोटात वाकलेला.

पहिल्याच दुपारी त्यानं तिला नियम सांगितला. त्यानं पट्टी दाबली, सूर उमटला, की तो पूर्ण विझेपर्यंत बोलायचं नाही. सुराच्या डोक्यात काही नसतं, त्याच्या शेपटाकडे लक्ष द्यायचं. तार खोटी असेल तर ती शेपटाशी थरथरते. कुणी मध्येच बोललं की ती थरथर हातातून निसटते, आणि पुन्हा पहिल्यापासून.

“आणि मला शिंक आली तर?”

“तर सुराच्या आधी शिंका.”

पहिले काही दिवस तिचा जीव मेटाकुटीला आला. बोलायचं काहीतरी जिभेवर यायचं आणि तो नेमका पट्टी दाबायचा. ती ओठ घट्ट मिटून बसायची, तो तिच्याकडे बघून हसू दाबायचा. हळूहळू तिला त्यातली गंमत कळली. सूर सुरू होतो तेव्हा सगळ्यांनाच ऐकू येतो. मग तो छताकडे जातो, मागच्या खुर्च्यांकडे जातो, बारीक होत होत दोऱ्याएवढा होतो, आणि मग तो दोराही... आहे की नाही? आहे. अजून आहे. आता गेला. असं कान लावून बसणं तिनं जन्मात केलं नव्हतं.

तिचं लक्ष लागतंय हे बघून त्यानं एक नवीनच खेळ काढला. सूर संपला असं वाटेल तेव्हा बोट वर करायचं. तो तिच्याकडे बघत राहायचा, तिचं बोट वर गेलं की मान हलवून पुढच्या तारेकडे वळायचा. तिनं विचारलं, तुमचे कान काय भाड्यानं दिलेत का? तो म्हणाला, एका कानाला दुसऱ्याची साक्ष लागते. तिला ते फार आवडलं. आपल्याकडे बघत राहायला त्यानं हे निमित्त काढलंय असं तिनं धरून चाललं, आणि ते तसं पुरतं खोटंही नव्हतं.

पाऊस जरा उघडला की संध्याकाळी तो तिला शहर दाखवायला न्यायचा. मावशीला आधी रीतसर विचारून. मावशी म्हणाली, घेऊन जा, पण परत आणताना आहे तशीच आण, वर गाणं बिणं चिकटवून आणू नकोस. वाद्यांच्या दुकानांची एक लांब गल्ली होती. दारांवर लाकडी पितळी वाद्यं टांगलेली, आत माणसं सरस शिजवत, लाकूड तासत बसलेली. बागेत गोल छपराचा चौथरा होता, तिथे म्हातारे बाजेवाले ओल्या बाकांसमोर वाजवायचे. तो चालताना नेहमी तिच्या उजव्या बाजूला यायचा. ती मुद्दाम बाजू बदलायची, तो पुन्हा फिरून यायचा. काय हा खुळा माणूस, असं म्हणून ती हसायची.

एकदा त्यानं तिला एका थोर संगीतकाराच्या घरात नेलं. सगळं दोरी बांधून ठेवलेलं. खुर्ची, चष्मा, पियानो. हात लावू नये अशी पाटी. तो म्हणाला, या पियानोचे सूरही मीच लावतो, नेमानं.

“पण वाजवत तर कुणी नाही. मग कशाला?”

“कुणी वाजवत नाही म्हणूनच,” तो म्हणाला. “न वाजवलेला पियानो जास्त लवकर उतरतो. कुणीतरी हात लावावा लागतो.” मग दोरीकडे बघत, तिच्याकडे न बघता, “माणसाचंही तसंच असतं म्हणतात.”

“कोण म्हणतात?”

“मीच. आत्ता.”

बाहेर भुरभुर सुरू झाली होती. एकाच छत्रीतून येताना त्याच्या तोंडून ‘तू’ निघून गेलं. पाय जपून टाक, तू घसरशील, असं काहीतरी. त्यानं जीभ चावली.  पण दुसऱ्या दिवशी दुपारी तीच म्हणाली, “तू आज उशीर केलास,” आणि लगेच मखमलीत तोंड लपवून दोरा शोधायला लागली.

पडदा मात्र होत आला होता. सुईचे हात आपोआप मंदावले. एक दिवस तर तिनं चांगले जोडलेले दोन पन्हे, शिवण वाकडी आली म्हणून उसवले. शिवण वाकडी नव्हती. मावशीनं ती शिवण हातात घेऊन पाहिली, चष्मा वर केला, चष्मा खाली केला.

“उसवायचंच असेल तर सरळ ओळीत उसवावं,” ती म्हणाली. “मखमलीला भोकं पडतात.”

मग त्या रात्रीच्या जेवणाला पाव मोडता मोडता तिनं विषयालाच हात घातला. पोरगा चांगला आहे. हात स्वच्छ आहेत, नखं कापलेली असतात. तुला राहायचं असेल तर राहा, दुकानाचं मी बघेन, मी काही म्हातारी झाले नाही. पण त्यानं विचारायला हवं. आपण होऊन आपण नाही बोलायचं. तो विचारील आणि तू हो म्हणशील, तर मी या खाटेवर तुझ्या लग्नाचा झगा कापायला घेईन. नाही विचारलं तर पडदा टांगला की आपण निघालो.

सुई ताटातला पाव कुस्करत राहिली. ‘हो’ मात्र तिनं त्याच वेळी मनात शिवून टाकलं होतं. आता फक्त त्याचा प्रश्न यायचा होता.

पडदा टांगला तो दिवस कोरडा निघाला. दोऱ्या ओढल्या, आणि ती जांभळी मखमल एका लयीत उघडली, एका लयीत मिटली. तिकिटाच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मावशी सामान बांधायला आत गेली. टेम्पो दुपारीच यायचा होता.

तो पियानोपाशी बसला होता. काम संपलेलं, झाकण उघडं. ती जवळ जाऊन उभी राहिली. त्यानं खालच्या बाजूची एक जाड आवाजाची पट्टी दाबली, आणि पायानं पियानोखालचा पायटा दाबून धरला, म्हणजे सूर मोकळा राहतो, लांब चालतो. नजर वर उचलली नाही. पट्ट्यांकडे बघतच तो म्हणाला, “जाऊ नकोस. इथंच... माझ्याबरोबर राहशील? कायमची?”

तिच्या छातीत काहीतरी धाडकन उघडलं. उत्तर ओठावर होतं. पण सूर चालू होता.

तिला तो नीट ऐकू येत होता. छतापाशी होता, मग वरच्या सज्जात गेला. आणि इतक्या दुपारी ओठ मिटून बसायची सवय लागलेली. त्यात तिला वाटलं, यानं प्रश्न मुद्दाम या सुरावर ठेवलाय. सूर पुरा होऊ दे, मग बोल, असंच याला हवंय. याच्या आयुष्यातला एवढा मोठा सूर आपण मध्येच कसा तोडायचा? म्हणून ती थांबली. मनातल्या मनात हसत, सगळ्या अंगानं ऐकत. दोरा बारीक होत चालला होता. अजून होता... अजून...

त्यानं पायटा सोडला. सूर कापल्यासारखा बंद झाला.

“ठीक आहे,” तो म्हणाला. उठला, आणि तेव्हा कुठे त्यानं तिच्याकडे बघितलं. तिचे ओठ मिटलेलेच होते. “समजलं मला. बोलायलाच पाहिजे असं काही नाही.”

तिला समजेना, समजलं म्हणजे काय समजलं? सूर संपायच्या आधी यानंच कसा तोडला? विचारून टाकलं आणि पस्तावला, आता उत्तर नकोय याला, असं तिला वाटलं. चेहरा तापला. ज्याला ऐकायचंच नाही त्याच्या मागे लागून सांगायचं? तो नमद्याच्या पट्ट्या गोळा करत होता, त्याचे हात भराभर चालत होते. “सूरवाल्या...” ती हळूच म्हणाली. त्यानं मान वळवली नाही. टेम्पोवाला बाहेर भोंगा वाजवत होता, मावशी मशीन उचलायला हाका मारत होती.

स्टेशनावर तो येईल असं तिला गाडी हलेपर्यंत वाटत होतं. मावशीनं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. घरी गेल्यावर, बऱ्याच दिवसांनी, एवढंच म्हणाली, की नखं कापलेली असली म्हणजे माणूस हिमतीचा असतोच असं नाही. सुईनं तेही ऐकून घेतलं. मावशीचं चुकीचं होतं, पण बरोबर काय ते तिलाही माहीत नव्हतं.

दिवस गेले. स्थळं आली, चांगली होती, काही ना काही कारणानं मागे पडली. लग्न करायचं नाही असं तिनं ठरवलं नव्हतं. राहून गेलं.

मग एका वर्षी त्या संगीतगृहाचा निरोप आला. पडद्याची खालची कड जमिनीला घासून झिजली आहे, तुम्हीच येऊन दुरुस्त कराल का? मावशीचे गुडघे आता प्रवासाचे राहिले नव्हते. सुई एकटी गेली.

तिकिटाच्या बाई खिडकीत तशाच, केस मात्र पांढरे. दुपारी त्या चहा घेऊन रंगमंचावर आल्या, सुईजवळ खुर्ची ओढून बसल्या. सुईनं कड उसवता उसवता, सहज विचारल्यासारखं, सूरवाल्याचं विचारलं. बाई म्हणाल्या, तो सूर कुठं लावतो आता? कान गेले त्याचे. मागच्या गल्लीत पियानोच्या कारखान्यात लाकडाला पॉलिश करतो. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, तुम्ही पडदा शिवायला होतात ना, तेव्हाच सुरुवात झाली होती. उजवा आधी गेला. मोठं सगळं ऐकू यायचं, बारीक काही ऐकू यायचं नाही. सुराचं डोकं ऐकू यायचं, शेपूट नाही. कुणाला कळलं तर काम जाईल म्हणून कुणाला बोलला नाही बिचारा. कशाकशाच्या आधारानं निभावून नेलं.

सुईच्या हातातलं काम थांबलं.

बाई बोलत राहिल्या, त्यातलं तिला काही ऐकू आलं नाही. तिला ती दुपार दिसत होती. तो जाड सूर. आपण वरच्या सज्जापर्यंत त्याच्यामागे गेलो होतो. आणि तो? त्याच्यासाठी सूर केव्हाच विझला होता. त्याच्या मागे होती फक्त शांतता. प्रश्न विचारून झालेला माणूस त्या शांततेत मान खाली घालून बसला होता, एकटा, आणि ती लांबत चालली होती.

ती कारखान्यात गेली. जाऊ नये असं वाटत असतानाच गेली.

तो दिसला तो पाठमोरा. एका काळ्या झाकणावर गोल गोल कापड फिरवत होता. तिनं हाक मारली, त्याला पोचली नाही. तेवढ्यात शेजारच्या दारातून एक गोल चेहऱ्याची बाई आली, कडेवर मूल, आणि तिनं टाच जमिनीवर दोनदा आपटली. फळ्या थरथरल्या. तो लगेच वळला.

त्यानं सुईला ओळखलं. चेहरा उजळला, मग गडबडला, मग नीट झाला. “या, या,” म्हणाला, आणि बायकोला सांगितलं, की पडदा यांनी शिवलाय, तो मोठा, जांभळा. बायको खूश झाली. पडदा उघडतो तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्याकडेच बघते म्हणाली, मूल त्याच्याकडे दिलं आणि चहा करायला गेली. बोलताना ती तोंड त्याच्याकडे करून, सावकाश बोलायची. दोघांचं ते चांगलं बसलेलं होतं.

सुईही सावकाश बोलली. मावशीचे गुडघे, दुकान, झिजलेली कड. तो तिच्या ओठांकडे बघत होता. मूल त्याच्या कानाशी खेळत होतं. मग त्यानं दाराकडे एकदा बघून घेतलं.

“एक विचारू का?” तो म्हणाला. “राग मानू नका. त्या दिवशी, तुम्ही निघालात तेव्हा... मी पट्ट्यांकडे बघत होतो. माझे कान तेव्हाच जरा... तुम्ही काही बोलला होतात का? हळू? आणि मलाच आलं नाही ऐकू?” त्यानं हसायचा प्रयत्न केला. “माझं बाकी सगळं नीट आहे. एवढंच एक अधूनमधून डोक्यात येतं.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. सगळं सांगायला एवढंसंच लागलं असतं. सूर चालू होता, मी तो संपायची वाट बघत होते. तो ओठ वाचत होता, त्याला एक अक्षरही चुकलं नसतं. पलीकडे कपांचा आवाज होत होता, तो फक्त तिलाच येत होता. मुलानं बापाचा कान धरून ओढला.

“नाही,” ती म्हणाली. प्रत्येक शब्द ओठांवर नीट उमटेल असा. “मी काहीच बोलले नव्हते.”

“म्हणजे मला बरोबर ऐकू आलं होतं.”

“अगदी बरोबर.”

त्यानं सुटकेचा श्वास सोडला. खांदे सैल झाले, पोक जरासं कमी झाल्यासारखं वाटलं. मुलाला दुसऱ्या हातावर घेत तो हसला, जुन्या कामात कुणीतरी शाबासकी दिल्यासारखा. त्याची बायको चहा घेऊन आली. सुईनं कप दोन्ही हातांनी धरला, एक घोट घेतला, आणि तिच्याकडे वळून म्हणाली, चहा छान झालाय.